टोकियोत नव्याने राहायला आल्यावर: पायी चालत रोजची कामे कशी उरकावीत

टोकियोत नोकरीनिमित्त राहायला आलेला मराठी माणूस पहिल्याच आठवड्यात ट्रेनचा नकाशा पाठ करू लागतो. तो यायलाच हवा. परंतु वॉर्ड ऑफिस, पोस्ट, दवाखाना, भाजीबाजार, कचरा, पोलीस चौकी अशा ज्या कामांवर रोजचा संसार चालतो, ती जवळजवळ सगळी घरापासून वीस-पंचवीस मिनिटांच्या चालीवर असतात आणि तेथे ट्रेनच्या नकाशाचा काहीच उपयोग होत नाही. फोनमधला नकाशा आपल्याला इमारतीपाशी नेऊन सोडतो, पण कोणत्या खिडकीशी उभे राहायचे, कोणता कागद पुढे करायचा आणि भूकंपानंतर नेटवर्क बंद पडले तर घराची दिशा कोणती, हे तो शिकवत नाही. म्हणून माझा आग्रह असा की पहिले तीन महिने आपला परिसर अक्षरशः पायाखाली घालावा. पुढे लिहिले आहे ते एदोगावा वॉर्डातील निशि-कासाई या वस्तीला धरून आहे, कारण टोकियोत येणारी मराठी कुटुंबे बहुधा येथेच किंवा येथून जवळ घर घेतात. वॉर्ड दुसरा असला तरी पद्धती फारशा बदलत नाहीत.

या वस्तीविषयी थोडे आधी माहीत असलेले बरे. तोझाई मार्गावरचे निशि-कासाई स्टेशन १९७९ मध्ये सुरू झाले. त्याच्या दक्षिणेकडची बरीच जमीन भराव घालून तयार केलेली आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या किनाऱ्यावर नोरी, म्हणजे खाण्याचे समुद्री शेवाळ, पिकवले जात असे. सन २०००च्या सुमारास संगणकांतील तारखांचा जो प्रश्न उद्भवला होता, त्यासाठी भारतीय अभियंते मोठ्या संख्येने आले आणि येथे स्थिरावले, कारण ओतेमाची आणि निहोनबाशीची कार्यालये एकाच गाडीने गाठता येत होती आणि यूआर या सरकारी गृहसंस्थेच्या वसाहतींमध्ये घर घेताना जामीनदार लागत नाही, तसेच ‘रेइकिन’ नावाची, पुढे परत न मिळणारी रक्कमही घरमालकाला द्यावी लागत नाही. मूळचे अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच एदोगावा वॉर्डाच्या सभागृहावर निवडून आले. त्यामुळे येथील दुकानदारांना किंवा कारकुनांना आपला चेहरा नवा नाही. आपल्याला मात्र त्यांच्या पद्धती नव्या असतात.

पहिले चौदा दिवस

विमानतळावर हाती पडलेले झायर्यू कार्ड हे परदेशी रहिवाशाचे ओळखपत्र आहे आणि सोळा वर्षांवरील प्रत्येकाने ते सदैव जवळ बाळगणे कायद्याने बंधनकारक आहे. दूध आणायला खाली उतरतानाही ते खिशात असावे. घर ठरून राहायला गेल्यापासून चौदा दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसमध्ये जाऊन पत्ता नोंदवावा लागतो. कुटुंब सोबत असेल तर प्रत्येकाचे कार्ड न्यावे. तेथील कर्मचारी कार्डाच्या मागील बाजूस पत्ता छापून देतो आणि तो पत्ता छापल्यावरच बँकेपासून फोनपर्यंतची पुढली सगळी कामे सुरू होतात. निशि-कासाईत राहणाऱ्यांना त्यासाठी वॉर्डाच्या मुख्य कचेरीपर्यंत जाण्याची गरज नाही. नाका-कासाईत, कासाई स्टेशनच्या जवळ, वॉर्डाची शाखा आहे. दोन स्टेशनांमधले अंतर सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे आणि ट्रेनचा मार्ग उन्नत असल्याने पुलाच्या कडेकडेने चालत गेले तरी चुकायला होत नाही. ही पहिली फेरी पायीच करावी. आत गेल्यावर यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची आणि बसून राहायचे. खिडकीशी जाऊन आधी विचारण्याची आपली सवय येथे उपयोगी पडत नाही. राष्ट्रीय आरोग्य विम्याची नोंदणी, कंपनीचा विमा नसेल तर, त्याच फेरीत उरकावी. पुढे घर बदलले की पुन्हा चौदा दिवसांचाच नियम लागू होतो.

याच वेळी एक निर्णय घ्यावा लागतो, ज्याकडे नवीन माणूस लक्ष देत नाही आणि पुढे वर्षानुवर्षे त्रास भोगतो: आपले नाव काताकाना लिपीत कसे लिहायचे. झायर्यू कार्डावर नाव पासपोर्टाप्रमाणे रोमन अक्षरांत असते, पण बँक, विमा, वीज, पाणी, दवाखाना या सगळ्यांना ते काताकानात हवे असते. त्या लिपीत ‘ळ’ आणि ‘ण’ नाहीत, ‘र’ आणि ‘ल’ एकच आहेत, आणि ‘न’ सोडला तर शब्दात कोणतेही व्यंजन स्वराशिवाय उभे राहत नाही. कुलकर्णी यांचे ‘कुरुकारुनि’ होते, पाटील यांचे ‘पातिरु’ किंवा ‘पातीरु’. जोशींना मात्र फारसा त्रास नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक लिपीत एका आडव्या रेघेने दाखवतात. माझ्या बँक खात्यातील नावात ती रेघ होती आणि पाण्याच्या अर्जात मी ती दिली नव्हती. एवढ्यावरून खात्यातून बिल परस्पर वळते करण्याचा अर्ज दोनदा परत आला. तिसऱ्यांदा काउंटरवरच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, पेन्सिलीने त्या रेघेवर हलकेच एक गोल काढला आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिले. त्यामुळे पहिल्याच दिवशी एक रूप ठरवावे, ते कागदावर लिहून पाकिटात ठेवावे आणि प्रत्येक ठिकाणी तेच उतरवून काढावे.

काताकाना आणि हिरागाना या दोन लिपी रोज अर्धा तास दिला तर महिन्याभरात वाचता येतात, आणि आपल्याला त्या इतर परदेशी लोकांपेक्षा सोप्या जातात. त्यांचा क्रम अ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा आहे. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीबरोबर संस्कृतची वर्णमाला येथे आणली आणि हा क्रम तिच्यावरूनच बेतला गेला. स्वरांनी सुरुवात, मग कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य आणि शेवटी य-र-व: शाळेत घोकलेली बाराखडी येथे दवाखान्यातील फायलींच्या कपाटावर भेटते, याचा मला आजही आनंद होतो.

पत्ता शोधणे

टोकियोत बहुतेक रस्त्यांना नावे नाहीत. पत्ता रस्त्याचा नसतो, जमिनीच्या तुकड्याचा असतो, आणि तो मोठ्याकडून लहानाकडे लिहितात. निशि-कासाई स्टेशनाचाच पत्ता घ्या: एदोगावा वॉर्ड, निशि-कासाई ६-चोमे, १४-बान, १-गो. चोमे म्हणजे वस्तीचा भाग. बान म्हणजे चारही बाजूंनी रस्ते असलेला जमिनीचा एक तुकडा, आपण ज्याला ब्लॉक म्हणू तो. आणि गो म्हणजे त्या ब्लॉकच्या कडेवरचे स्थान. १९६२च्या कायद्याने ही पद्धत घालून दिली. ब्लॉकच्या ज्या कोपऱ्यापासून मोजणी सुरू होते, तेथून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने कडेची ठरावीक लांबी मोजत क्रमांक टाकले जातात आणि घराचे प्रवेशद्वार ज्या क्रमांकावर उघडते तो त्या घराचा गो. म्हणूनच शेजारशेजारच्या दोन घरांचा क्रमांक एकच असू शकतो, आणि म्हणूनच एका घरासमोरच्या, रस्त्यापलीकडच्या घराचा क्रमांक त्याच्याशी काहीही नाते सांगत नाही.

हे कळले की पत्ता शोधण्याची रीत बदलते. रस्त्याने सरळ जात समोरासमोरची घरे मोजू नयेत. कोपऱ्यावरच्या भिंतीवर किंवा विजेच्या खांबावर चोमे आणि बान यांची पाटी असते, ती आधी वाचावी. आपला बान सापडला की त्या ब्लॉकला एक पूर्ण प्रदक्षिणा घालावी, म्हणजे गो सापडतोच. पहिल्या महिन्यात मी रोज संध्याकाळी एका चोमेच्या सगळ्या पाट्या वाचत फिरले, आणि त्या फिरण्यात केशकर्तनालय, धोबी, दंतवैद्य, शाळेचे मागचे फाटक, पावसाचे पाणी साचणारा कोपरा असे सगळे आपोआप ठाऊक झाले. एरवी ते कोणी सांगितले नसते.

तरीही अडले तर कोबानमध्ये जावे. कोबान म्हणजे स्टेशनांजवळ आणि चौकांत असलेली लहानशी पोलीस चौकी. दारावरच्या तांबड्या दिव्यावरून ती दुरूनही ओळखता येते. आपल्याकडे पोलीस चौकीची पायरी चढायला माणूस कचरतो, येथे मात्र वाट विचारणे हे तिच्याकडचे नेहमीचे काम आहे आणि त्यात संकोचाचे कारण नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा हवालदाराने कपाटातून मोठ्या आकाराचे एक नकाशापुस्तक काढले. त्याच्या पानांवर रस्तेच नव्हे तर एकेक घर आखलेले होते आणि घराघरात राहणाऱ्यांचे आडनाव छापलेले होते. त्याने माझ्या चिठ्ठीवरचा पत्ता वाचला, बोट पानावर ठेवून ब्लॉकच्या कडेने सावकाश फिरवले, एका चौकोनापाशी थांबवले आणि मग बाहेर येऊन रस्त्याच्या दिशेने हात दाखवला. भाषा आमची दोघांची जुळत नव्हती, पण बोटाचा तो फेरा पाहून पत्त्याची पद्धत मला जितकी समजली तितकी वाचून समजली नव्हती. पत्ता मात्र जपानी अक्षरांत लिहिलेला दाखवावा. रोमन अक्षरांतला पत्ता वाचायला त्यांना वेळ लागतो. हरवलेली वस्तूही कोबानमध्येच नोंदवावी. सापडलेल्या वस्तू साधारणपणे तीन महिने राखून ठेवल्या जातात, आणि पाकीट परत मिळण्याची आशा येथे खरोखरच धरावी. आपल्याला कोणाची वस्तू सापडली तर तीही तेथेच नेऊन द्यावी. तातडीच्या प्रसंगी पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिका किंवा अग्निशमन दलासाठी ११९ हे क्रमांक आहेत.

रस्त्यावर चालताना

जपानमध्येही वाहने डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे पाहण्याची आपली सवय येथे तशीच चालते. सावध राहावे लागते ते वळणाऱ्या गाड्यांपासून. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा लागलेला असताना त्याच दिशेच्या गाड्यांनाही हिरवा असतो आणि त्या वळून आपल्या वाटेत येतात. चालक थांबतात, पण त्यांच्या डोळ्यांत पाहूनच पाऊल टाकावे. हिरवा दिवा लुकलुकू लागला की नव्याने उतरू नये. काही ठिकाणी खांबावरचे बटण दाबल्याशिवाय दिवा बदलतच नाही, आणि शांतपणे उभे राहिलेल्या नवख्या माणसाला ते बराच वेळ उमगत नाही.

रस्ता रिकामा असला तरी लाल दिव्यावर थांबावे. शेजारी लहान मुले उभी असतील तर हे विशेष पाळावे, कारण ती मोठ्यांकडे पाहूनच शिकतात. फुटपाथवर सायकली येतात. जेथे त्यांना परवानगी आहे तेथे त्यांनी रस्त्याच्या बाजूने जायचे असते, म्हणून आपण इमारतींच्या बाजूने आणि सरळ रेषेत चालावे. मागून घंटी वाजली की दचकून आडवे होऊ नये. फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर पादचाऱ्याने उजव्या कडेने चालायचे असते. सरकत्या जिन्यावर टोकियोतील लोक डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे; मात्र आता स्टेशनांवर दोन्ही बाजूंना उभेच राहा, चालू नका, असे सांगितले जाते आणि तेच सुरक्षित आहे.

फुटपाथवर आणि फलाटांवर पिवळ्या रंगाच्या, उठाव असलेल्या लाद्या दिसतात. सेइइची मियाके यांनी त्या अंध व्यक्तींसाठी शोधून काढल्या आणि १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरात त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. लांबट रेघा म्हणजे पुढे चला, गोल उठाव म्हणजे थांबा किंवा सावध व्हा. त्यांच्यावर पिशवी, सूटकेस, बाबागाडी ठेवू नये आणि गप्पा मारत उभेही राहू नये. पांढरी काठी घेतलेला माणूस त्या रेषेवर पूर्ण विसंबून वेगाने येत असतो, आणि आपली पिशवी त्याला दिसत नाही.

चालताना सिगारेट ओढण्यावर बऱ्याच वॉर्डांत बंदी आहे. चियोदा वॉर्डाने २००२ मध्ये दंडासह ती आणली. रस्त्यावर कचऱ्याच्या पेट्या जवळजवळ नाहीत, म्हणून कचऱ्यासाठी एक लहान पिशवी नेहमी बरोबर असावी.

कोनबिनी, पार्सल, दवाखाना

कोपऱ्यावरचे चोवीस तास उघडे दुकान, म्हणजे कोनबिनी, हे नवीन माणसाला खाऊचे दुकान वाटते, पण खरे तर ते रोजच्या कामांचे कार्यालय आहे. वीज, गॅस आणि पाणी यांची बारकोड असलेली बिले तेथे भरता येतात. बहुतेक ठिकाणी ती रोखीनेच भरावी लागतात. कर्मचारी बिलाचा एक भाग फाडून, शिक्का मारून परत देतो, तो जपून ठेवावा. पैसे हातात न देता समोरच्या छोट्या तबकात ठेवायचे असतात. जुलै २०२० पासून प्लास्टिकच्या पिशवीचे पैसे पडतात, तेव्हा घडी घालून ठेवता येणारी कापडी पिशवी खिशात असू द्यावी. जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्या. हजार येनच्या नोटेवर आता कितासातो शिबासाबुरो आहेत. मुंबई आणि पुण्यात प्लेग येण्याच्या दोनच वर्षे आधी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला त्या रोगाच्या जंतूचा शोध घेणाऱ्यांपैकी ते एक. काही जुनी यंत्रे नव्या नोटा घेत नाहीत, म्हणून थोडी नाणी जवळ ठेवावीत.

घरी कोणी नसताना पार्सल आले तर पेटीत एक चिठ्ठी पडते. ती टाकून देऊ नये. तिच्यावरचा क्रमांक वापरून दिवस आणि वेळ निवडली की पार्सल पुन्हा आणून देतात, आणि निवडलेल्या दोन तासांत ते येतेच. त्यामुळे त्या वेळी घरी असणे हे आपलेही कर्तव्य आहे. जड सामान विमानतळावर किंवा दुसऱ्या गावी पाठवायचे असेल तर तेही कोनबिनीतूनच देता येते, आणि मग मुलाचा हात धरून मोकळेपणाने चालता येते.

लहान दवाखाने आठवड्यातून एखाद्या दिवशी दुपारनंतर बंद असतात, तो वार दवाखान्यागणिक निराळा असतो आणि दारावर लिहिलेला असतो. तब्येत ठीक असतानाच घराजवळच्या दोन-तीन दवाखान्यांच्या दारावरून चालत जाऊन हे वार टिपून घ्यावेत. ताप चढल्यावर ही शोधाशोध होत नाही. सर्वसाधारण प्रौढ व्यक्तीला विम्यातून ७० टक्के मिळतात आणि ३० टक्के स्वतः भरावे लागतात. औषधे बहुधा दवाखान्यात मिळत नाहीत, चिठ्ठी घेऊन बाहेरच्या औषधालयात जावे लागते. तेथे ‘ओकुसुरी तेचो’ नावाची एक छोटी वही देतात, ज्यात प्रत्येक वेळच्या औषधांची चिठ्ठी चिकटवली जाते. ती प्रत्येक फेरीत न्यावी. वही भरत गेली की दुसऱ्या डॉक्टरला काहीही तोंडी समजावून सांगावे लागत नाही, आणि ज्याला भाषा येत नाही त्याला याहून मोठा आधार नाही.

बाजारहाट

बासमती, तूरडाळ, हिंग, गूळ यांची भारतीय दुकाने निशि-कासाईत चालण्याच्या अंतरावर आहेत. ताजी भाजी मात्र जवळच्या सुपरमार्केटमधून घ्यावी. भेंडीला येथे ओकुरा म्हणतात, कारल्याला गोया, वांग्याला नासु, लाल भोपळ्याला काबोचा आणि कोथिंबिरीला पाकुची. दाइकोन हा आपला मुळाच, फक्त मनगटाएवढा जाड. त्याची पाने मिळाली तर सोडू नयेत, पीठ पेरून केलेली भाजी अगदी घरच्यासारखी होते. संध्याकाळी उशिरा तयार पदार्थांवर ‘हांगाकु’, म्हणजे निम्म्या किमतीची, चिकटपट्टी लागते.

शाकाहारी माणसाने एक गोष्ट नीट समजून घ्यावी. पाकिटावर अॅलर्जीच्या पदार्थांचा वेगळा चौकोन असतो आणि अंडे, दूध, गहू, शेंगदाणा, कोळंबी, खेकडा असे पदार्थ असतील तर ते तेथे छापणे सक्तीचे आहे. तो चौकोन वाचायला शिकल्यावर आपण निश्चिंत होतो, आणि तेथेच फसतो. कारण ‘दाशी’, म्हणजे बहुधा कात्सुओ नावाच्या सुकवलेल्या माशाचा अर्क, त्या सक्तीच्या यादीत येत नाही. साध्या दिसणाऱ्या सूपमध्ये, सोया सॉसच्या तयार मिश्रणात, इतकेच काय, भाज्यांच्या लोणच्यातही तो असू शकतो. म्हणून चौकोनाबरोबर घटकांची पूर्ण यादी वाचावी. मांस, मासा, कात्सुओ, डुक्कर, गाय, कोंबडी या सहा शब्दांची जपानी अक्षरे मोठ्या आकारात लिहून फोनमध्ये ठेवावीत आणि दुकानात उभे राहून एकेक शब्द ताडून पाहावा. पहिल्या काही फेऱ्यांना तासभर लागतो. नंतर डोळा आपोआप त्या अक्षरांवर जातो.

कचऱ्याविषयी थोडक्यात. नोंदणीच्या वेळी मिळणारा कचऱ्याचा तक्ता फ्रिजवर चिकटवावा, कारण जळणारा, न जळणारा आणि पुनर्वापराचा कचरा यांचे वार चोमेनुसार वेगळे असतात. ठरलेल्या दिवशी सकाळी आठपूर्वी तो ठरलेल्या जागी ठेवावा, आदल्या रात्री नाही. कावळे पिशव्या फाडतात आणि सफाई शेजाऱ्यांना करावी लागते. ३० सेंटिमीटरपेक्षा मोठी वस्तू टाकायची असेल तर आधी वेळ ठरवून कोनबिनीतून २०० किंवा ३०० येनचे चिकटपत्र आणून ते वस्तूवर लावावे लागते. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि एसी यांना हा मार्ग नाही. त्यांच्यासाठी पुनर्वापराचा वेगळा कायदा आहे.

ऑफिसातून घरी चालत येण्याची तालीम

सगळ्यांत मनापासून सांगायचे आहे ते हे. ११ मार्च २०११च्या भूकंपानंतर टोकियोतील गाड्या थांबल्या आणि असंख्य लोकांना रात्रभर चालत घरी जावे लागले. त्या अनुभवावरून एप्रिल २०१३ पासून टोकियोत असा नियम आहे की मोठ्या भूकंपानंतर सगळ्यांनी एकदम रस्त्यावर उतरू नये. कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना थांबवून घ्यावे आणि त्यांच्यासाठी तीन दिवसांचे अन्नपाणी साठवलेले असावे. म्हणजे पहिले काम थांबण्याचे आहे, निघण्याचे नाही. कुटुंबाला निरोप देण्यासाठी १७१ ही ध्वनिसंदेशाची सेवा आहे. ती कशी वापरायची हे घरातल्या प्रत्येकाने आधीच समजून घ्यावे. परंतु केव्हातरी निघावे लागेलच, आणि तेव्हा वाट पायांना माहीत असली पाहिजे.

ओतेमाचीहून निशि-कासाई साधारण दहा किलोमीटर आहे. थंडीच्या दिवसांत, एखाद्या सुट्टीच्या सकाळी, ही वाट एकदा पूर्ण चालून पाहावी. एइताइ पूल ओलांडून मोन्झेन-नाकाचो, मग किबा, मग तोयोचो, मग मिनामि-सुनामाची असे तोझाई मार्गाच्या डोक्यावरूनच यायचे आहे, त्यामुळे दर एक-दीड किलोमीटरवर स्टेशनची पाटी दिसते आणि आपण बरोबर असल्याची खात्री पटते. मोन्झेन-नाकाचोला पाच मिनिटे वाट वाकडी करून फुकागावा फुदोच्या देवळात जावे. फुदो म्हणजे आपल्याकडच्या बौद्ध परंपरेतला अचल नावाचा देव, आणि तेथे रोज होणारा ‘गोमा’ म्हणजे होम. ढोलाच्या आवाजात पेटलेला तो अग्नी पाहिला की परक्या शहरात आल्यासारखे वाटत नाही. वाटेत कोनबिनी, पेट्रोल पंप आणि उपाहारगृहे यांच्या दारांवर आपत्तीच्या वेळी पायी जाणाऱ्यांना मदत करणाऱ्या केंद्राचे चिकटपत्र शोधत चालावे. अशा ठिकाणी नळाचे पाणी, शौचालय आणि रस्त्याची माहिती मिळते. कोठे कोठे आहे, ते कागदी नकाशावर टिपून ठेवावे.

खरी कसोटी मिनामि-सुनामाचीनंतर लागते. तेथे ट्रेन जमिनीखालून वर येते आणि आराकावा व नाकागावा या नद्यांवरचा सव्वा किलोमीटरचा रेल्वेपूल ओलांडते. पायी जाणाऱ्यांसाठी शेजारी २००४ मध्ये खुला झालेला कियोसुना पूल आहे. त्यावर आडोसा नाही, वारा अंगावर येतो, लहान मुलाला घेऊन तो ओलांडायला आपण धरू त्यापेक्षा अधिक वेळ लागतो. मधोमध थांबून वायव्येकडे पाहिले तर ६३४ मीटर उंचीचा स्कायट्री हा मनोरा दिसतो. घराच्या आसपास कोठेही दिशा चुकली तर तो उपयोगी पडतो. पायांखालची आराकावा मूळची नदी नव्हे. १९१०च्या महापुरानंतर शहर वाचवण्यासाठी ती माणसांनी खणून काढली. १९२४ मध्ये तिच्यातून पाणी सोडले आणि १९३० मध्ये काम पुरे झाले. ही माहिती केवळ इतिहासाची नाही. एदोगावा वॉर्डाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे, आणि २०१९ मध्ये वॉर्डाने घरोघर दिलेल्या पुराच्या नकाशाच्या मुखपृष्ठावरच ‘येथे राहू नका’ अशा अर्थाचे वाक्य छापले होते. म्हणून भूकंपानंतर या पुलावरून घराकडे यायचे, पण मोठे वादळ आणि पूर यांचा इशारा मिळाला तर हाच पूल किंवा पूर्वेकडचा रस्ता धरून वेळेआधी वॉर्डाबाहेर पडायचे, या दोन्ही दिशा कुटुंबात ठरलेल्या असाव्यात. निघता आले नाही तर कोणत्या उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावर जायचे तेही चालत जाऊन पाहून ठेवावे.

पूर्ण दहा किलोमीटर एकदम झेपत नसतील तर तुकडे पाडावेत. संध्याकाळी चुकून ‘काइसोकु’, म्हणजे जलद गाडी मिळाली तर ती तोयोचोनंतर थेट उरायासुला थांबते आणि निशि-कासाई मागे राहते; अशा दिवशी तोयोचोला उतरून उरलेले चार किलोमीटर पुलावरून चालत यावे, तालीम आपोआप होते. मी वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि सप्टेंबरअखेरीस, पूर्ण वाट चालते, कारण दुकाने बदलतात, रस्ते खोदलेले असतात आणि गेल्या वेळचे शौचालय या वेळी बंद असते. ऑफिसच्या खणात चालायचे जुने बूट, मोज्यांचा एक जोड, बॅटरी, नाण्यांची पुरचुंडी आणि खुणा केलेला तो कागदी नकाशा ठेवावा. दरवेळी फेरी झाली की नकाशावर त्या दिवसाची तारीख घालून, बदललेल्या खुणा वेगळ्या शाईने करून, तो सोमवारी परत त्याच खणात ठेवावा.